घरचं छप्पर स्वतः दुरुस्त करताय? शिडी लावण्याआधी एवढं वाचा



मे महिना निम्मा सरला की आपल्या कोकणात घरोघरी आगोटीची लगबग सुरू होते. लाकूडफाटा आत घ्यायचा, मसाले, आमसुलं, सुकी मासळी भरून ठेवायची, पडवीला ताडपत्री बांधायची आणि छप्पर शाकारायचं. तळकोकणात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. म्हणजे हातात असतात जेमतेम पंधरा-वीस दिवस. पूर्वी प्रत्येक वाडीत शाकारणी करणारे दोन-चार माहीतगार गडी असायचे. त्यांना छपराचा वासा न् वासा पाठ असायचा. आता ते थकले, त्यांची मुलं दुसऱ्या कामाला लागली. राहिलेला एखादा गडी मिळालाच तर त्याची पाळी येईपर्यंत पाऊस दारात उभा. मग घरचाच माणूस शिडी लावतो. मुंबईहून चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला मुलगा असतो, कधी साठी उलटलेले वडील असतात, आणि सुट्टी लागलेली असल्यामुळे आपल्यासारखे शिक्षकही असतात!

देशावर कौलं कमी, तिथे पत्रा किंवा धाब्याचं घर. शहरात स्लॅब. घर कुठलंही असो, गळती लागली की वर चढण्याचा मोह सगळ्यांना सारखाच होतो.

हा धडा कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. म्हणूनच तो आज इथे घेतोय. आणि सुरुवातीलाच सर्वात महत्त्वाचं सांगतो. छप्पर हे पाणी अडवण्यासाठी बांधलेलं असतं, माणूस तोलण्यासाठी नाही. ते खालून घट्ट, सलग, जमिनीसारखं दिसतं हाच त्याचा धोका आहे. त्यामुळे "वर कसं चढायचं" हा दुसरा प्रश्न. "हे काम खालून होईल का" हा पहिला.

जेमतेम दहा फूट तर आहे!

"आमचं घर काही उंच नाही, जेमतेम दहा फूट" असं सहज म्हटलं जातं. नववी-दहावीच्या मुलांना गतीची समीकरणं शिकवताना हे गणित जरूर घ्या. दहा फूट म्हणजे साधारण ३ मीटर. ३ मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीवर पोचेपर्यंत तिचा वेग होतो सुमारे ७.७ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी २७-२८ किलोमीटर. त्या वेगाने जाणारी सायकल थेट भिंतीवर आदळली तर काय होईल, असं मुलांना विचारा. आणि पडायला लागणारा वेळ? पाऊण सेकंदाच्या किंचित वर. एवढ्या वेळात माणूस "अरे" म्हणतो न म्हणतो तोच खाली पोचतो. सावरून कशाला तरी धरेन, पायांवर उतरेन, हे सगळं मनातलं. चार मीटर घेतले तर वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास जातो.

खाली काय आहे हेही बघा. मऊ माती क्वचितच असते. चौथऱ्याची कड, जांभ्या दगडाची पायरी, तुळशीवृंदावन, फरशी घातलेलं अंगण, हे असतं. उंची तीच, पण इजा कितीतरी पट.

आधी खालून बघा

शिडीला हात लावण्याआधी अर्धा तास घरातच घालवा. कौलारू घराला माळा नसेल तर भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत उभं राहा. जिथे फुटलेलं किंवा सरकलेलं कौल आहे तिथून उजेडाचा कवडसा पडतो. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर किंवा भिंतीवर कोळशाने खूण करा. गळती मात्र नेहमी भोकाच्या बरोबर खालीच पडते असं नाही. पाणी वाशावरून घरंगळत पाच-सहा फूट खाली येऊन टपकतं. म्हणून भिंतीवर, वाशावर ओलीचे डाग कुठपर्यंत गेलेत ते वरच्या बाजूने शोधत जा.

त्याच वेळी लाकूड तपासा. वासा आणि रीप दिसायला धडधाकट असते, आत वाळवीने पोखरलेली असते. स्क्रू ड्रायव्हर किंवा दाभण टोचून बघा. सहज आत गेलं तर त्या भागावर माणसाने चढायचं नाही. मग काम दोन कौलं बदलण्याचं राहात नाही, सुताराचं होतं.

आता गंमत बघा. एकदोन कौलं बदलायची असतील तर बहुतेक वेळा छपरावर जावंच लागत नाही. घरात भक्कम टेबल-घोडीची परांची उभी करायची, तिच्यावर उभं राहून फुटलेल्या कौलाच्या वरचं कौल हाताने जरा उचलायचं, फुटकं काढून घ्यायचं आणि नवं त्याच वाटेने वर सरकवून रिपेवर बसवायचं. मंगलोरी कौलाच्या पाठीला खालच्या बाजूने जी चोच असते ती रिपेत अडकली की काम झालं. (मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनने कारखाना काढला आणि तिथून हे कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. त्याआधीची आपली नळीची कौलं अशी एकमेकांत अडकत नसत, म्हणून माकडं नाचली की सगळं छप्पर विस्कटायचं.) डोळ्यांवर साधा चष्मा किंवा गॉगल असू द्या, कारण वर्षभराची धूळ आणि उंदरांची घाण आधी तोंडावर येते. हातात जाड मोजे हवेत. कौलांच्या सांदीत विंचू असतो, कधी साप असतो, आणि गांधीलमाशीचं पोळं तर हमखास. आधी काठीने ठोका, थांबा, मग हात घाला. वर चढलेल्या माणसाला गांधीलमाशी चावली तर तो दचकून हात सोडतो. विषापेक्षा ते पडणं वाईट.

वर जावंच लागलं तर: कौल

आढ्यावरची कौलं बसवायची, सगळी पाखं उस्तरायची, तर वर जावं लागतं. कौलाच्या मधोमध पाय देऊ नये. तिथे खाली आधार नसतो. कौलाचा खालचा काठ जिथे पुढच्या कौलावर बसलेला असतो आणि खाली रीप असते तिथेच, तेही वाशाच्या रेषेत पाय टाकायचा. जुने गडी तर चालायच्या वाटेवरची कौलं उतरवून ठेवत आणि वाशांवर पाय देत वर जात. याहून चांगली युक्ती म्हणजे छपरावर टाकायची शिडी. एका टोकाला आकडा असलेली हलकी शिडी आढ्यावर अडकवायची आणि पाखावर आडवी झोपवायची. आपलं वजन मग एका कौलावर न येता बऱ्याच रिपांवर वाटलं जातं. गावातला वेल्डर अशी शिडी सहज करून देईल. वाडीत एक केली तरी सगळ्यांना पुरते.

नवी कौलं वर नेऊन एकाच जागी रचण्याची सवय वाईट. एक मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं. वीस रचली की पन्नास-साठ किलो, म्हणजे एक माणूस एकाच रिपेवर बसवल्यासारखा. लागतील तशी चार-चार घ्या. आणि शेवाळलेल्या कौलावर ओल असताना अजिबात जाऊ नका. वळवाची एक सर येऊन गेली तरी दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडेपर्यंत थांबा.

सिमेंटचा पत्रा: सर्वात फसवा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सिमेंटच्या पत्र्याइतका फसवा छपराचा प्रकार दुसरा नाही. गोठा, न्हाणीघर, मागची पडवी, बऱ्याच शाळांचे जुने वर्ग, सगळीकडे हा पत्रा आहे. कौल फुटण्याआधी निदान करकरतं. लोखंडी पत्रा वाकतो, दबतो, आवाज करतो. सिमेंटचा पत्रा काही न सांगता एकदम फुटतो, आणि माणूस भोकातून सरळ खाली जातो. उन्हापावसाने वर्षानुवर्षं तो ठिसूळ होत जातो, पण रंग तसाच करडा. काल एक जण चालून गेला म्हणून आज तो आपल्याला तोलेल असं नाही.

आपल्याकडे एक सल्ला हमखास दिला जातो, "बोल्टच्या रेषेवरून चाल, काही होत नाही." हा सल्ला कृपया विसरा. बोल्टच्या खाली पाईप किंवा वासा असतो हे खरं, पण पाय त्या दोन-तीन इंचांच्या पट्टीवरच दर वेळी नेमका पडेल असं कोण सांगणार? तोल जरा गेला, पाय वीतभर बाजूला पडला, की पुढचं सांगायला नको. शिवाय बोल्टच्या भोकाभोवतीच पत्र्याला बारीक तडे गेलेले असतात.

मग करायचं काय? शक्य असेल तर खालूनच, परांचीवर उभं राहून दुरुस्ती. वर जावंच लागलं तर किमान दोन-तीन वाशांवर टेकतील इतक्या लांब जाड फळ्या टाकून त्यांच्यावरूनच जायचं. एक फळी पायाखाली आणि दुसरी पुढे सरकवायला, म्हणजे फळी हलवताना पत्र्यावर उभं राहावं लागत नाही. फळ्या घसरू नयेत म्हणून बांधायच्या. एवढी तयारी नसेल तर काम माहितगार माणसाला द्यायचं, मग तो उद्या येवो की चार दिवसांनी.

दुसरी गोष्ट धुळीची. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲसबेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा गप्प पडून आहे तोवर फारसा त्रास नाही. तो कापला, घासला, कोरडाच ड्रिल केला की ते डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात. ॲसबेस्टॉसमुळे कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलेलं आहे, आणि हा आजार दिसायला वीस-तीस वर्षंसुद्धा जातात. म्हणून असा पत्रा तारेच्या ब्रशने घासायचा नाही, ग्राइंडरने कापायचा नाही. काढायचाच असेल तर पाणी मारून ओला करायचा, अख्खा उतरवायचा, तुकडे झालेच तर ओले असतानाच पिशवीत भरायचे. केरसुणीने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. तोंडाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. आणि त्या वेळी मुलं घरात नकोतच.

उजेडासाठी बसवलेला फायबरचा पारदर्शक पत्रा हाही तसाच वैरी. नवा असताना ओळखू येतो. दोन पावसाळ्यांत धूळ-शेवाळ चढून आजूबाजूच्या पत्र्यासारखाच दिसायला लागतो. वर जाण्याआधी घरातून बघून ठेवा, तो नेमका कुठे आहे ते.

"तू हलका आहेस, तू चढ"

शिक्षक आणि पालक म्हणून मला जे कळकळीने सांगायचंय ते हे. "बाबांचं वजन जास्त, पत्रा मोडेल, तू हलका आहेस, जरा वर जाऊन तेवढं कौल सरकव" असं म्हणून सातवी-आठवीतल्या मुलाला वर चढवायची पद्धत गावोगाव आहे. मुलालाही त्यात मोठं झाल्याचा आनंद असतो. माकडासारखा चढतो म्हणून घरच्यांना कौतुक असतं.

हिशोब करून बघा. तीस-पस्तीस किलोचं मूल पत्र्यावर स्थिर उभं राहिलं तर त्याचा भार कमी, हे कबूल. पण मूल स्थिर उभं राहात नाही. ते पावलं टाकतं, उडी मारतं, धावतं. पाय आपटताना क्षणभर पडणारा भार वजनाच्या दुपटीहूनही जास्त होऊ शकतो. म्हणजे हलक्या मुलाने मारलेली उडी आणि बाबांनी ठेवलेलं पाऊल यात पत्र्याला फरक कळत नाही. ठिसूळ पत्रा लहान मुलाच्या वजनानेही फुटतो. त्यातून, कुठे लाकूड पोखरलंय, कुठली तार जिवंत आहे, ढग कुठून येताहेत, हा अंदाज मुलाला नसतो. आणि बाबांनी सांगितलंय म्हटल्यावर भीती वाटली तरी ते "नाही" म्हणत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा, अठरा वर्षांखालचं कोणीही छपरावर नाही. मुलांना काम हवं असेल तर कवडसे शोधून खुणा करणं, फुटक्या कौलांची मोजदाद, किती नवी आणायची आणि किती पैसे लागतील याचा हिशोब, हे सगळं त्यांना द्या. व्यवहारी गणित याहून चांगलं कुठे शिकणार?

काम चालू असताना मुलं अंगणात खेळत नाहीत ना, हेही बघा. अंगणाच्या कडेने दोरी बांधा आणि मागचं दार वापरा. वरून निसटलेलं अडीच किलोचं कौल डोक्यात पडलं तर काय, हे सांगायला नको.

शिडी आणि दोरी

शिडीचा कोन हा भूमितीचा छान प्रश्न आहे. शिडी चार फूट वर जाते तेव्हा तिचा पाय भिंतीपासून एक फूट लांब हवा. म्हणजे वळचण बारा फुटांवर असेल तर पाय तीन फूट लांब. मुलांना tan सारणी काढायला लावा, कोन येतो सुमारे ७६ अंश. याहून उभी लावली तर माणूस शिडीसकट मागे येतो, जास्त तिरकी लावली तर पाय सरकतो. शिडीचं टोक वळचणीच्या वर निदान तीन फूट असावं, नाहीतर शिडीवरून छपरावर जाताना आणि मुख्य म्हणजे परत उतरताना धरायला काही राहात नाही. उतरताना मागे न बघता पायाने पायरी चाचपडण्याच्या क्षणी फार जण पडतात. वरचं टोक वाशाला बांधायचं. सारवलेल्या किंवा फरशीच्या अंगणात पायाखाली गोणपाट घालून एकाने शिडी धरायची, आणि त्या माणसाने फोनवर बोलायचं नाही! बांबूची शिडी वर्षभर मागच्या दारी पडलेली असते. प्रत्येक पायरी आणि सुंभाची प्रत्येक गाठ जमिनीवरच पाय देऊन तपासा.

चढताना हात मोकळे. हातोडी, पक्कड पिशवीत घालून मागाहून दोरीने वर ओढून घ्या. लुंगी, घोळदार पायजमा, झिजलेल्या स्लिपर नकोत. मऊ रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट सर्वात बरे.

आता दोरीबद्दल. कमरेला दोरी बांधली की आपण सुरक्षित, असा एक समज आहे. कमरेच्या दोरीवर पाच-सहा फूट पडलेला माणूस जमिनीवर आपटणार नाही कदाचित, पण तो झटका पोटावर आणि मणक्यावर बसतो. आतल्या अवयवांना गंभीर इजा होऊ शकते, आणि लटकलेल्याचा श्वास कोंडतो. छाती, खांदे आणि मांड्यांना धरणारा पूर्ण पट्टा घ्या. बांधकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो, त्याच्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ३५२१ हा क्रमांक बघून घ्या. दोरी बांधायची ती छपराच्या दुसऱ्या बाजूला, जमिनीलगतच्या भक्कम झाडाच्या बुंध्याला किंवा खांबाला, आढ्यावरून पलीकडे नेऊन. वाशाला किंवा उभ्या मोटारसायकलला नको. आणि तिची लांबी अशी ठेवा की आपण कडेपर्यंत पोचूच शकणार नाही. पडल्यावर झेलणारी दोरी ठीक, पण पडण्याच्या जागेपर्यंत जाऊच न देणारी दोरी हजार पटीने चांगली. दावणीची गाय जशी दाव्याबाहेर जात नाही, तसं.

मेन स्विच बंद केला तरी

विजेच्या खांबावरून घरात येणारी तार बऱ्याच घरांत वळचणीला घासून जाते. उन्हाने तिच्यावरचं प्लॅस्टिक तडकलेलं असतं. "मेन स्विच बंद केलाय, आता काही भीती नाही" असं म्हणून माणूस वर चढतो. पण मेन स्विच मीटरच्या नंतर असतो. खांबापासून मीटरपर्यंतची तार त्याने बंद होत नाही, ती जिवंतच राहते! त्या तारेच्या आसपास काम असेल तर महावितरणच्या माणसाला सांगून खांबावरून पुरवठा बंद करून घ्या. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. लोखंडी पत्रा नेताना, ॲल्युमिनियमची शिडी उभी करताना वरच्या तारांकडे आधी बघा. दोन जण बारा फुटी पत्रा आडवा धरून नेतात तोवर ठीक असतं, उभा करताना घात होतो. सौर पॅनल असतील तर आणखी एक गोष्ट, दिवसा उजेडात ते स्विच बंद असला तरी वीज तयार करतच असतात. त्यांच्या तारांना हात लावायचा नाही.

ऊन, वारा, वीज

मे महिन्यात दुपारी लोखंडी पत्र्यावर हात ठेववत नाही. वर बसलेल्याला घेरी येते, आणि जमिनीवरची घेरी आणि छपरावरची घेरी यात फार फरक आहे. सकाळी सहा ते दहा काम करायचं, बाटलीभर पाणी जवळ ठेवायचं, मग खाली यायचं.

वाऱ्याचं गणितही मुलांसाठी छान. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. ताशी ४० किलोमीटरचा वारा त्याच्यावर थेट आला तर जोर होतो साधारण २४० न्यूटन, म्हणजे कोणीतरी २५ किलोचं पोतं बांधून आपल्याला बाजूला ओढल्यासारखं. वळवाचा सोसाटा याहून कितीतरी जोराचा असतो. पत्रा किंवा ताडपत्री वाऱ्यात उडायला लागली तर सोडून द्या, धरून ठेवू नका. पत्रा बाजारात मिळतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याजवळून गेलं. दोन्ही वेळा असंख्य घरांची छपरं उडाली. अशा वेळी भिजणारं धान्य, अंथरूण, म्हातारी माणसं डोळ्यांसमोर असतात आणि माणूस त्याच पावसात, त्याच वाऱ्यात ओल्या वाशांवर चढतो. समजण्यासारखं आहे. पण वादळानंतर वासे निखळलेले असतात, तारा तुटून पत्र्यावर पडलेल्या असतात, आणि दवाखान्याकडे जाणारा रस्ता झाडं पडून बंद असतो. त्या रात्री सामान आणि माणसं कोरड्या खोलीत किंवा शेजाऱ्याकडे, शाळेत हलवा. छपराकडे सकाळी उजेडात, वारा थांबल्यावर बघा. ताडपत्री टाकलीच तर तिच्यावर पाय देऊन चालू नका. ती निसरडी असते, आणि खाली कौल आहे, रीप आहे की भोक, ते दिसत नाही.

आकाशात गडगडाट ऐकू आला की काम तिथेच सोडून खाली. एप्रिल-मेमधल्या दुपारी वळीव असा बघता बघता येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंद गेले तर वीज दहा किलोमीटरवर आहे. तेवढं अंतरही सुरक्षित नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी वर जाऊ नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर असू द्या.

स्लॅबवाल्यांसाठी थोडं

स्लॅब मोडत नाही, म्हणून तिथे माणूस बेफिकीर असतो. गच्चीला कठडा नसतो किंवा गुडघ्याएवढा असतो, आणि वॉटरप्रूफिंगचा लेप रोलरने लावताना आपण मागे मागे सरकत जातो. लक्ष असतं पुढच्या ओल्या रंगावर. म्हणून लेप नेहमी लांबच्या कडेपासून सुरू करून जिन्याच्या दिशेने मागे यायचं. कडेचा पट्टा आधी गुडघ्यांवर बसून, तोंड कडेकडे करून उरकायचा. डांबर गरम करायचं असेल तर खाली अंगणात. उकळतं डांबर अंगावर पडलं तर ओढून काढू नका, भरपूर गार पाणी ओता आणि डॉक्टरकडे जा.

कोणी चढू नये, आणि कोणी पडलंच तर

रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेले, चक्कर येणारे, नजर कमजोर असलेले, आणि "जरा घेतलेले" यांनी शिडीला हात लावायचा नाही. वडील माणसांना हे सांगणं अवघड जातं. "चाळीस वर्षं मीच शाकारतोय" हे उत्तर ठरलेलं. वाद घालू नका. त्यांना खुर्ची टाकून अंगणात बसवा आणि कुठला वासा कसा आहे ते त्यांच्याकडून विचारून घ्या. ती माहिती खरोखरच दुसऱ्या कोणाकडे नसते. आणि घरात कोणी नसताना एकट्याने वर जायचं नाही, मग काम पाच मिनिटांचं का असेना.

माणूस पडला तर सगळे धावतात, दोघं हात धरतात, दोघं पाय, उचलून रिक्षात घालतात. मणक्याला इजा झाली असेल तर या उचलण्यानेच कायमचं अपंगत्व येऊ शकतं. तारेचा शॉक लागून पडला असेल तर आधी वीजपुरवठा बंद, मगच जवळ जा. त्याला हलवू नका, डोकं-मान आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरा, पाणी पाजू नका, रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. घराचा पत्ता, जवळची खूण, पडलेल्याची उंची आणि शुद्ध आहे की नाही, एवढं सांगा. एक जण रस्त्यावर जाऊन गाडीची वाट बघेल. श्वासच थांबला असेल तर मात्र हलवायचं नाही हा नियम बाजूला ठेवून छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची.

"काही नाही झालं" म्हणत उठून चालायला लागला तरी त्याला डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार लागला असेल तर लक्षणं काही तासांनी दिसतात. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलणं अडखळणं यातलं काहीही दिसलं की लगेच मोठं रुग्णालय.

जाता जाता शाळेचा विषय, कारण जूनमध्ये तो येणारच आहे. चेंडू छपरावर गेला की मुलं पाण्याच्या टाकीवरून, खिडकीच्या गजांवरून सिमेंटच्या पत्र्यावर चढतात. ओरडून उपयोग नाही, आपण वर्गात असतो तेव्हाच ती चढतात. चढायच्या वाटा शाळा उघडण्याआधी बंद करून घ्या, लांब बांबूला जाळी बांधून कोपऱ्यात ठेवा, आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात दोन जादा चेंडू असू द्या. मागितला की लगेच द्यायचा, प्रश्न न विचारता.